पीएफचा ७-ए आदेश, वरून वसुलीची नोटीस: रक्कमच चूक असेल तर सांगावं कुठं?

जिनिंग_मुनीम (हिंगणघाट तालुका)
ताळेबंदात ‘मजुरी व हमाली’ या खात्यावर १८,४०,००० रुपये आहेत. पीएफ कार्यालयानं कलम ७-ए खाली (मालकाकडची पीएफ थकबाकी ठरवण्याची चौकशी) ते सगळेच पगार धरून २५ टक्क्यांनी ४,६०,००० काढले. त्यात ६,२०,००० तर ट्रॅक्टर भाडं आणि कपाशीची वाहतूक आहे. सुनावणीच्या दोन तारखांना आमचा माणूस हजर होता, पण कागद दिले गेले नाहीत. आदेशावर ३ जुलै २०२५ ही तारीख, हाती आला १० जुलैला. आज २० ऑगस्ट २०२५, आणि सीपी-१ (वसुलीच्या मागणीची) नोटीस आली: १५ दिवसांत भरा. वसुली अधिकाऱ्यापुढं हिशेब मांडला तर चालेल का?

कामगार_कायदा_नागपूर
नाही चालणार, भाऊ. आज, ऑगस्ट २०२५ ला, लागू असलेल्या १९५२ च्या पीएफ कायद्याचं कलम ८-सी सरळ सांगते, वसुली दाखल्यातली रक्कम बरोबर की चूक हा वाद वसुली अधिकाऱ्यापुढं काढताच येत नाही. तिथं गठ्ठाभर पावत्या नेल्या तरी तो त्या पाहणार नाही, आणि तुमची मुदत मात्र जाईल.

जागा एकच, कलम ७-आय खाली अपील. नागपूरला केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण आहे. ६० दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजा, हाती आल्यापासून नाही. म्हणजे १ सप्टेंबर. पुढचे ६० दिवस सबळ कारण दाखवून मागता येतात, पण त्यावर विसंबू नका. ७-बी खालच्या फेरविचाराचे ४५ दिवस १७ ऑगस्टला संपले. एकतर्फी आदेश रद्द करून घ्यायची तीन महिन्यांची सोय तुम्हाला मिळणं कठीण, कारण तुमचा माणूस हजर होता.

७-ओ प्रमाणे ७५ टक्के, म्हणजे ३,४५,००० भरल्याशिवाय अपील घेत नाहीत. ही रक्कम कमी किंवा माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, म्हणून त्यासाठी वेगळा अर्ज द्या आणि वसुली स्थगितीचा वेगळा. नुसतं अपील दाखल झाल्यानं वसुली थांबत नाही. बँक खातं गोठतं ते याच मधल्या दिवसांत. तोवर ८-डी खाली अधिकृत अधिकाऱ्याकडं (ज्यानं वसुली दाखला काढला त्याच्याकडं) मुदत मागा. त्यानं ती दिली तर तेवढे दिवस वसुली थांबवावीच लागते.

लेखापाल_वर्धा
अपिलात ‘रक्कम जास्त आहे’ एवढं लिहून काही होत नाही. खात्यातली प्रत्येक नोंद फोडा: गठाण चढाई, सरकी भराई, ट्रॅक्टर भाडं, डिझेल. भाड्याच्या बिलावर गाडी नंबर आणि काट्याची पावती जोडा. हमाली ठेकेदाराला दिली असेल तर करार, आयकराच्या कलम १९४-सी खाली कापलेला टीडीएस आणि त्याचा स्वतंत्र पीएफ कोड असल्यास त्याची चलनं लावा.

लाभार्थी मजूर ओळखल्याशिवाय रक्कम ठरवू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं भारतीय अन्न महामंडळाच्या निकालात सांगितलं आहे: अधिकाऱ्यानं आपले अधिकार वापरून ठेकेदाराला बोलवावं, कागद मागवावे. पण चौकशीत तुम्ही ठेकेदारांची नावं-पत्ते दिले होते का, ते आधी तपासा. ती तुमच्याकडं असून दिली नसतील तर हा मुद्दा लंगडा पडतो.

कामगार_कायदा_नागपूर
आणि एक. जे हमाल खरोखर तुमच्या हजेरीवर आहेत त्यांचा हिस्सा वादात ओढू नका. नावानिशी, यूएएन (मजुराचा स्वतःचा पीएफ क्रमांक) काढून भरून टाका. नावाशिवाय भरलेली ठोक रक्कम कोणत्याच मजुराच्या पासबुकात चढत नाही.