संत्र्याचं ओलित चालू ठेवून डोहातले मासे कसे जगवायचे?

ओलित_काटोल
काटोल तालुक्यात जाम नदीला मिळणाऱ्या नाल्यावर आमचा कोल्हापुरी बंधारा आहे, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत काढता-घालता येणाऱ्या लोखंडी फळ्या (बरगे) लावून पाणी अडवणारा. त्याच्या वर तीन डोह, काठाने संत्र्याचे बगीचे आणि दहा पंप, सगळे 5 एचपीचे. मार्चपर्यंत निभतं. एप्रिलच्या शेवटी डोह तळाला जातात. खवली, वाम, शिंगाडा हे मासे मरतात, उरली तर मरळ. मच्छीमार संस्था म्हणते पंप बंद करा, बगीचेवाले म्हणतात आंबिया (उन्हाळ्यात झाडावर असलेला संत्र्याचा बहार) गळून जाईल. मधला डोह सगळ्यात मोठा: 40 मीटर लांब, 12 मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, त्यावर चार पंप. पाणी किती राखायचं, आणि बंधाऱ्याखाली थोडी धार कशी सोडायची? ग्रामसभेत मांडता येईल असं आकड्यांत सांगा.

जलमापक_नागपूर
आधी हिशोब. तुमच्या मधल्या डोहात 720 घनमीटर, म्हणजे 7 लाख 20 हजार लिटर पाणी आहे. 5 एचपीचा पंप 20 मीटर चढावर तासाला साधारण 34 हजार लिटर उपसतो, चार पंप 1 लाख 36 हजार. लाईन (वीज) आठ तास असेल तर सव्वापाच तासांतच डोह कोरडा. खरी अडचण ऑटो स्विचची आहे: लाईन आली की चारही पंप एकदम उठतात आणि झऱ्याला भरायला वेळच मिळत नाही.

झरा मोजा. मार्चअखेर एका संध्याकाळी सहाला सगळे पंप बंद करा, खडकावर खूण करा, सकाळी सहाला पातळी बघा. समजा 3 सेंटीमीटर वाढली. 480 चौरस मीटरवर ते 14,400 लिटर झालं, दिवसाला 29 हजारांच्या आत. एवढं पाणी एक पंप तासाभरात ओढून नेतो. म्हणून ऑटो काढा, पंपांच्या पाळ्या लावा, आणि पाळीचे तास या मोजणीवरून ठरवा. मोजणी दर पंधरा दिवसांनी पुन्हा करा, कारण एप्रिलात झरा आटत जातो.

राखायची पातळी: सर्वात खोल जागी खडकावर ऑइल पेंटने दोन पट्टे मारा, दीड मीटरला पिवळा, 1.20 मीटरला लाल. पिवळ्यावर आलं की एका वेळी एकच पंप, लालवर आलं की सगळे बंद. 1.20 का? मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला सेंटीमीटरभर उडतं. 1 मेपासून जूनच्या मध्यापर्यंत 45 सेंटीमीटर गेलं, तरी 75 उरतात. 60च्या खाली पाणी तळापर्यंत तापतं, प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी होतो आणि मासे सूर्योदयाच्या सुमारास वर येऊन मरतात. मरळ हवेतून श्वास घेते म्हणून टिकते.

बंधाऱ्याची धार: एका गाळ्याच्या लोखंडी बरग्यात तळापासून 60 सेंटीमीटरवर 2 इंची पाइप आणि बॉल व्हॉल्व बसवा. पाइपच्या वर दीड मीटर पाणी असताना सेकंदाला सहा लिटरच्या आसपास धार मिळते, महिन्याला 16-17 टीसीएम (हजार घनमीटर). पाइपच्या वरचं पाणी अर्ध्या मीटरवर आलं की धार चार लिटरच्या आत येते. तळातून पाइप घेऊ नका, तळचं पाणी गाळाचं आणि प्राणवायू नसलेलं असतं. आतल्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर आठवड्यात शेवाळाने बुजेल. बाहेर धार दगडांवर पडू द्या. मे महिन्यात मात्र व्हॉल्व बंद करा: तापलेल्या वाळूत एवढी धार पुढच्या डोहापर्यंत पोचण्याआधीच जिरते, ते पाणी वरच्या डोहात राहिलेलं बरं.

बहार_आणि_ताण
वरच्या हिशोबात बगीच्याची बाजू जोडतो. 6 बाय 6 मीटरवर एकरी 111 झाडं. पूर्ण वाढलेल्या झाडाला मे महिन्यात दिवसाला 120 ते 150 लिटर धरले तर ठिबकवर एकरी 16-17 हजार लिटरपर्यंत लागतात. पाटाने साडेसात सेंटीमीटरचं ओलित दिलं की एका पाळीला तीन लाख लिटर, दहा दिवसांची पाळी धरली तर रोजचे तीस हजार. ठिबक नसेल तर निदान डबल रिंग (खोडाभोवती दोन आळी, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात) करा, खोडाला पाणी लागणार नाही आणि डिंक्या हा खोडाचा रोगही आटोक्यात राहील. आळ्यात सोयाबीनचं कुटार 8-10 सेंटीमीटर जाड पसरा, खोडापासून फूटभर सोडून.

डोह ज्या महिन्यांत मरतो त्याच महिन्यांत आंबियाला सगळ्यात जास्त पाणी लागतं. मृगाला (पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहाराला) मात्र मे महिन्यात ताणच द्यायचा असतो, म्हणजे पाणी तोडायचं असतं. काठावरच्या निम्म्या बगीच्यांनी मृग धरला तरी मे महिन्याचा उपसा उतरेल. अडचणीही आहेत. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला वेळ लागतो, आणि मे महिन्यात अवकाळी आला तर ताण तुटून मृग फुटत नाही. म्हणून मृगासाठी हलक्या-मध्यम जमिनीचे बगीचे निवडा, सगळ्यांवर सक्ती करू नका.

डोहकाठ
पाण्याइतकंच औषध मारतं. सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारणी पंप किंवा बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं) ड्रम नाल्यात धुतलं तर उथळ डोहात तेवढंच पुरे. मोरचूद माशांना विषच आहे. धुणं वावरातच, नाल्यापासून लांब खड्ड्यात.

फूटव्हॉल्व (पंपाच्या ओढपाइपचं पाण्यातलं तोंड) डोहाच्या तळाशी ठेवू नका. 200 लिटरच्या प्लास्टिक ड्रमला सगळीकडून 10 मिलिमीटरची भोकं पाडा, वरून 2-3 मिलिमीटरची जाळी गुंडाळा, त्यात फूटव्हॉल्व ठेवा आणि ड्रम तळापासून उचलून तरंगता बांधा. ओढ ड्रमभर पसरते, पिल्लं खेचली जात नाहीत. जाळी दोन दिवसांनी ब्रशने घासावी लागते, नाहीतर पंप हवा ओढतो.

डोहात रोहू-कटल्याची बोटुकली सोडून भरपाई होत नाही, थांबलेल्या पाण्यात ते विणत नाहीत. थाई मागूर तर बंदी असलेला मासा आहे, तो आणूच नका.

खोलीकरणाची मशीन आली तर डोहातला गाळच काढू द्या. दोन डोहांमधला खडकाळ उथळ पट्टा खोदला की डोह धरून ठेवणारा उंबरठाच जातो. काठावरचे करंज, जांभूळ, उंबर तोडू नका, दुपारची सावली त्यांचीच.

ओलित_काटोल
पट्टे आणि पाळ्या लगेच मांडतो. बरगे कधी काढायचे? आमच्याकडे पहिला पूर येईपर्यंत तसेच राहतात.

जलमापक_नागपूर
जूनच्या पहिल्या आठवड्यात, वरची ओळ आधी, तीन-चार दिवसांत टप्प्याटप्प्याने. पूर आल्यावर बरगे निघत नाहीत, पाणी बाजूने काठ फोडतं आणि गाळ आत बसतो. चढणीचे मासे पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला वर येतात, त्यांना बंद बंधारा म्हणजे भिंतच. परत लावायचे ते 15 ऑक्टोबरनंतर, रबरी पट्ट्या तपासून.

खालच्या बाजूला पाणी किती उंचीवरून पडतं तेही मोजा. 60 सेंटीमीटर असेल तर काठाकडच्या एका गाळ्याखाली 9 मीटर लांबीचा दगडी उतार करता येतो. 40-60 सेंटीमीटरचे दगड काँक्रीटमध्ये अर्धे रोवून, मध्ये वीतभर फटी ठेवून. उतार याहून तीव्र नको, मासा धापा टाकतो. बंधारा ज्या विभागाचा आहे त्याची परवानगी लागेल. ठरावात 2012च्या राष्ट्रीय जलनीतीचा आधार लिहा, नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखावा असं त्यात आहे.