टोनी हॉक्स प्रो स्केटर ३+४ घ्यावा का? जुने भाग खेळलेल्यांनी सांगा

मृण्मयी_ठाणे

नमस्कार. घरी प्लेस्टेशन ५ आहे. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ९ चा. दिवाळीपासून दोघांनी १+२, म्हणजे या स्केटबोर्डिंगच्या व्हिडिओ गेमच्या पहिल्या दोन भागांचा नवा अवतार, पिंजून काढलाय. कोणती लेव्हल चालू आहे ते मला आता स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळतं. आता पुढच्या दोन भागांचा ३+४ हवाय. मुलीचं कारण रायसा लिअल. १३ व्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगचं रौप्यपदक मिळवलेली ही ब्राझीलची मुलगी ३+४ मध्ये आहे, तिला घेऊन खेळता येतं. पण चौथा भाग मूळ गेमसारखा ठेवलेला नाही, असं ठिकठिकाणी वाचलं. पूर्ण किंमत देऊन घ्यावा की सेल लागेपर्यंत थांबावं? घरात कंट्रोलर एकच आहे, तेही लक्षात घ्या.

कृष्णाकाठ

ताई, घ्या. पण मूळ चौथा भाग मिळेल या आशेने घेऊ नका. जरा सविस्तर लिहितो, कारण त्या भागावर माझा जीव आहे.

पहिला गेम १९९९ चा. रॅम्पवरून उडालात, हवेत बोर्ड फिरवलात, चाकं जमिनीला टेकली की कॉम्बो, म्हणजे सलग ट्रिक्सची साखळी, संपली. २००० साली दुसऱ्या भागात मॅन्युअल आलं. दोनच चाकांवर तोल सांभाळत जायचं, त्यामुळे एका रेलिंगपासून दुसऱ्या रेलिंगपर्यंतची सपाट जमीनही कॉम्बोत आली. २००१ च्या तिसऱ्या भागात रिव्हर्ट आला. रॅम्पवर उतरता उतरता बोर्ड गर्रकन वळवायचा आणि लगेच मॅन्युअल धरायचं. आता उंच उडीही साखळीत बसली. गुणांचा हिशेब गुणाकाराचा असल्यामुळे याला फार किंमत आहे. ट्रिक्सचे मिळून ५,००० झाले आणि ट्रिक्स १२ असल्या, तर ६०,०००. शेवटच्या क्षणी पडलात तर सगळं पाण्यात. २००२ च्या चौथ्या भागात स्पाइन ट्रान्सफर आला, म्हणजे पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन रॅम्पांपैकी एकावरून उडून दुसऱ्यावर उतरणं.

आता खरा मुद्दा. २०२० मध्ये व्हिकेरियस व्हिजन्स या कंपनीने १+२ नव्याने केला, तेव्हा रिव्हर्ट आणि स्पाइन ट्रान्सफर दोन्ही त्यातच देऊन टाकले. तुमच्या मुलांचा हात त्यावर आधीच बसलाय. मग ३+४ कडे नवीन द्यायला काय उरलं? जागा. आणि चौथ्या भागाची अशी एक गोष्ट, जी आधीच्या तिन्ही भागांत नव्हती: डोक्यावर घड्याळ नसणं.

मूळ चौथ्यात लेव्हलमध्ये उतरलात की नुसतं फिरायचं. वाटेत माणसं उभी असायची. त्यांच्याजवळ जाऊन बटण दाबलं की ती काम सांगायची, आणि घड्याळ सुरू व्हायचं ते तेवढ्या कामापुरतं. नाही घेतलं काम, तर फिरत राहा. आम्ही चौघं २००४ साली सांगलीत विश्रामबागच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळायचो, तासाला १५ रुपये. अकरावीत होतो. कॉलेजची लेव्हल मला कुणी शिकवली नाही, चुकत चुकत पाठ झाली. कुठल्या कठड्यावरून कुठल्या छपरावर जाता येतं हे सापडायचं तेव्हा जो आनंद व्हायचा, तो गुणांचा नव्हता.

११ जुलै २०२५ ला आलेला ३+४ आयर्न गॅलक्सी या कंपनीने केलाय. त्यांनी चौथ्याच्या लेव्हलना पहिल्या तीन भागांचा साचा लावला: दोन मिनिटं, आणि कामांची यादी आधीच हातात. कार्निव्हल आणि शिकागो या दोन लेव्हल गायब. झूची स्पर्धेची लेव्हल झाली आणि पिंजरे रिकामे. ते पाहून मला खरंच वाईट वाटलं. नवीन तीन जागा दिल्यात. त्यातला कोरडा वॉटरपार्क अप्रतिम आहे, पाण्याच्या घसरगुंड्यांवरून वळत खाली येण्याची मजा वेगळीच. पिनबॉल एकदा बघण्यापुरता.

तिसरा भाग मात्र जपलाय. फाउंड्रीतला वितळलेल्या धातूचा लाल उजेड, कॅनडातला बर्फ, आणि एअरपोर्ट! दारापासून विमानापर्यंत उतारच उतार, एकदा सुटलात की थांबावंसं वाटत नाही. चालण्याचा वेग, बोर्डचा आवाज, पडल्यावर क्षणात उठून पुन्हा सुरू होणं, यात कुठेही कमी नाही. पैसे तिसऱ्याचे वसूल होतील.

रेलिंगवाला

कृष्णाकाठ, तुमचं प्रेम समजतं, पण मला पटत नाही. मी मूळ चौथा पीसीवर खेळलो. अर्धा वेळ माणसं शोधण्यात जायचा. काम हुकलं की पुन्हा तेच बोलणं, पुन्हा सुरुवात. दोन मिनिटांच्या मर्यादेमुळे लेव्हल घट्ट होते. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, एका फेरीत तीन कामं कशी बसवायची, याचा विचार करावा लागतो. सॅन फ्रान्सिस्को मला नव्या गेममध्येच नीट कळली.

ताई, एकट्याने खेळताना टायमर एक तासापर्यंत वाढवता येतो, हे कुणी सांगितलं नाही. शिवाय तोल जाऊ नये, पडू नये अशा सोयी सेटिंगमध्ये आहेत. ९ वर्षांच्या मुलासाठी त्या चालू करा, वैतागणार नाही. माझी तक्रार गाण्यांबद्दल आहे. १+२ मध्ये जुनी बहुतेक गाणी होती, इथे मोजकीच परत आली.

कृष्णाकाठ

टायमरचं सांगायचं राहिलं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी तासावर ठेवूनच खेळतो. पण वेळ मिळाला तरी काम सांगणारं कुणी भेटत नाही. यादी आधीच वाचलेली असते, त्यामुळे शोधायला फक्त जागा उरते, माणूस नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. पार्लरमध्ये तिसरा भाग लावला की आमची भांडणं होत नसत. दोन मिनिटं झाली, कंट्रोलर पुढच्याकडे. चौथा आला आणि डाव कधी संपला हेच ठरेना. एकजण अर्धा तास सोडायचा नाही, बाकीचे तिघं पैसे भरून बसलेले. शेवटी आम्ही मनगटावरचं घड्याळ टीव्हीवर ठेवायला लागलो. ताईंकडे कंट्रोलर एक आणि मुलं दोन. त्यांच्या घरासाठी दोन मिनिटंच बरोबर आहेत. इतक्या वर्षांत मी याचा त्या बाजूने विचार केला नव्हता.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी घेतला. दोन मिनिटांचा डाव, मग दुसऱ्याकडे, असं ठरलंय आणि चार दिवस भांडण नाही. मुलगी रायसाला घेऊन कॅनडात असते, परवा तिने एक लाख ओलांडले आणि शेजारी ऐकू जाईल एवढी ओरडली. रेलिंगवाला, तोलाची सोय मुलाने एका दिवसात स्वतःच बंद केली. पडायचं नसेल तर काय उपयोग, म्हणाला.

कृष्णाकाठ दादा, तुमचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. तेव्हापासून त्याची ताई क्लासला गेली की तो टायमर तासावर टाकतो आणि कॉलेजमध्ये नुसता फिरतो. कामं करत नाही. त्याने विचारायला सांगितलंय की ती काम सांगणारी माणसं नक्की कुठे कुठे उभी असायची. तिथे जाऊन बघायचंय त्याला. आठवत असेल तर लिहाल का?