लग्नाच्या अल्बममध्ये आईवडील नाहीत, म्हणून व्हिसा अडावा का?

रानजाई (धागाकर्ती)

माझ्या भाचीने गेल्या वर्षी पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. तीस दिवसांची नोटीस, कार्यालयातल्या फळ्यावर दोघांची नावं, सह्यांना तीन साक्षीदार. त्या तिघांतली एक मी. भाची सांगलीकडच्या मराठा घरातली. नवरा नांदेडचा, बौद्ध, चार वर्षांपासून परदेशात नोकरीला. त्याची आई आली होती. माझी बहीण आणि भावोजी आले नाहीत.

नंतर भाची व्हिसाच्या मुलाखतीला गेली. (कुठल्या देशाच्या, ते मुद्दाम सांगत नाही. धागा तिकडेच वाहत जाईल.) काचेपलीकडच्या माणसाने फोटो चाळले, एकूण चौदा. "तुमचे आईवडील कुठे आहेत यात?" "आले नाहीत." "हळद, मेंदी, संगीत?" "केलं नाही." "का?" इथे तिचा आवाजच फुटेना. पुढच्या आठवड्यात पत्र: नातं खरं असल्याचे आणखी पुरावे द्या, दोन्हीकडच्या कुटुंबांसोबतचे फोटो असतील तर तेही.

आता पुढचं ऐका. आपल्या सहीला भाव आलाय, हे भावोजींच्या लक्षात आलं. म्हणाले, "प्रतिज्ञापत्र देतो. पण आधी गावात आपल्या पद्धतीनं लग्न लागेल. आणि पत्रिकेवर मुलाचं आडनाव येणार नाही. नुसतं 'चि.' आणि नाव."

दोन वर्षं अबोला, रडारड, धमक्या देऊन जे जमलं नव्हतं, ते वकिलातीच्या एका पत्राने त्यांच्या हातात आयतं आणून दिलं. घरच्यांची संमती हा खऱ्या लग्नाचा पुरावा मानणं म्हणजे कायद्याने सज्ञान मुलीला दिलेला हक्क मागच्या दाराने बापाला परत करणं, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

जुना_कारकून

ताई, राग समजतो, पण असहमत. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या एका वकिलाकडे मी आठ वर्षं फायली लावल्या आहेत. अधिकारी संमती मागत नाही, खुलासा मागतो. त्याच्यासमोर अनोळखी माणूस, हातात जेमतेम काही मिनिटं. आपल्याकडे लग्न म्हणजे तीनशे पानं उठणार. तिथे चौदा फोटो आणि मुलीकडचं कोणी नाही, तर तो विचारणारच. नाही विचारलं तर तो कामचुकार.

अर्ज बुडतात ते घरच्यांच्या नकाराने नव्हे, लपवाछपवीने. नवरा लिहितो "सासरे आजारी होते", बायको खिडकीत सांगते "त्यांना पसंत नव्हतं". झालं! दोघं खरं सांगत असते तर काही बिघडलं नसतं.

आणि लग्न खरं की नाही हे ठरवताना निदान अमेरिकेच्या कायद्यात तरी आईबापांचा उल्लेखही नाही. १९७५ पासून तिथल्या न्यायालयांची कसोटी एकच: लग्नाच्या वेळी दोघांचा एकत्र संसार करायचा इरादा होता की नाही. भाचीला सांगा, सरळ लिही की जातीमुळे विरोध होता. पुढे चला.

---

कंदील

"सरळ लिही" म्हणणं सोपं आहे. त्या अधिकाऱ्याच्या डोक्यात भारतीय लग्न म्हणजे काय असतं? घोडा, लेहंगा, संगीत. आमच्याकडची लग्नं बघा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, हार, टाळ्या, जेवण. तासाभरात मोकळे. सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ ला भटजीशिवाय लागलं, म्हणजे ही काही कालची फॅशन नाही. दीडशे वर्षं साधेपणाने लग्न करणाऱ्यांना "संगीत कुठे आहे" विचारणारा माणूस संस्कृती तपासत नाहीये, फक्त एका थराची संस्कृती तपासतोय.

धागाकर्तीच्या भाचीला सासूबाई फोटोत असूनही "आईवडील कुठे" विचारलं. नांदेडची माउली कुटुंबात धरली नाही वाटतं.

---

सदाशिव_पेठी

पण सर्वोच्च न्यायालयानेच २०२४ मध्ये सांगितलं ना, की विधी नाहीत तर लग्न नाही? न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांचा निकाल. व्हिसासाठी आधी नोंदणी उरकायची आणि "खरं लग्न" नंतर, या प्रकारावरही त्यात ताशेरे आहेत. मग परदेशी अधिकाऱ्याने विधींचे फोटो मागितले तर तो आपल्याच कायद्याला धरून चालला नाही का?

---

रानजाई

@सदाशिव_पेठी, तो निकाल हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ वर आहे. त्या कायद्याखाली नोंदणी करायची तर विधी आधी झालेले हवेत, हा मुद्दा. विशेष विवाह कायदा, १९५४ ची गोष्ट वेगळी. तिथे विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना स्वीकारलं की लग्न लागलं. सप्तपदी नाही, अक्षता नाहीत, तरी पूर्ण लग्न. आणि गंमत म्हणजे त्याच निकालात म्हटलंय की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. वकिलातीत तेवढं वाक्य चिकटवायला हवं.

---

टेम्स_काठी

लंडनहून लिहितोय. अधिकाऱ्यांनी आपली "संस्कृती" तपासणं इथे जुनं आहे. १९७९ साली हीथ्रोवर एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी केली होती. ती वाग्दत्त वधू म्हणून लग्नासाठी आली होती. लग्न झालेलं नसलं तर भारतीय बाई कुमारिकाच असणार, नसेल तर खोटं बोलतेय, हे त्यांचं तर्कशास्त्र. पुढे बातमी फुटली आणि जगभर छी-थू झाली.

मग ऐंशीच्या दशकात "प्रायमरी पर्पज" नियमाचा जाच. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. "नव्हता" हे कसं सिद्ध करणार? आणि सगळ्यात जास्त अडकायची ती ठरवून केलेली लग्नं! फार भेटला नाहीत, प्रेमपत्रं नाहीत, आईबापांनी जमवलं, म्हणजे व्हिसासाठीच. १९९७ मध्ये सरकार बदललं आणि तो नियम गेला. म्हणजे तेव्हा आईबापांनी ठरवलं म्हणून संशय, आता आईबाप आले नाहीत म्हणून संशय. आपण करायचं तरी काय?

(अवांतर: आता इथे मुख्य अडचण पैशाची आहे. २०२४ च्या एप्रिलपासून जोडीदाराला आणायला वर्षाला २९,००० पौंड कमाई दाखवावी लागते, आधी १८,६०० होती. तिथे सासरे लग्नाला होते की नव्हते हे कोणी विचारत नाही.)

---

गुलमोहर७

सगळे अधिकाऱ्यावर घसरलेत म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझ्या मामेबहिणीचं लग्न परदेशातल्या मुलाशी झालं, महिन्याभरात, तिच्याच हट्टाने. मामा म्हणत होता, मुलाच्या गावी जाऊन चौकशी करू. हिने करू दिली नाही. सहा महिन्यांनी कळलं, तिकडे त्याचा आधीचा संसार. राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी नवऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष उगाच नाही उघडला.

आईवडील चौकशी करतात तेव्हा जात बघतात, मान्य. पण त्याच वेळी पगाराची स्लिप, आधीचं लग्न, दारूही बघतात. घरचे का नाहीत असं कोणी एकदा विचारलं तर मुलीचं नुकसान काय?

---

खारफुटी

@गुलमोहर७, तुमच्या मामेबहिणीबद्दल वाईट वाटलं. पण घरच्यांनी ठरवलेल्या लग्नांतही मुली अशाच फसल्या आहेत, मांडव घालून आणि हुंडा देऊन. त्या कक्षाकडे जाणाऱ्या सगळ्या काही पळून गेलेल्या नसतात.

आणि पंजाबकडे बघा. आयल्ट्समध्ये (परदेशी शिकायला लागणारी इंग्रजीची परीक्षा) चांगले बँड, म्हणजे गुण, मिळवलेली मुलगी शोधायची, तिच्या परदेशी शिक्षणाचा खर्च मुलाच्या घरच्यांनी करायचा, बदल्यात मुलगा तिच्या व्हिसावर जाणार. या सौद्यांत बँडबाजा असतो, दोन्हीकडचे मामे-काके असतात, अल्बम भरलेला असतो. सगळं कुटुंब फोटोत हजर! मग फोटो कशाचा पुरावा?

---

जुना_कारकून

@खारफुटी, मुद्दा मान्य. कुटुंब असल्याने लग्न खरं ठरत नाही. पण नसण्याने प्रश्न उभा राहतो, एवढंच माझं म्हणणं. प्रश्न म्हणजे नकार नव्हे.

शिवाय अमेरिकेत तिथे पोचताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर आधी दोनच वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. मुदत संपायच्या आधी पुन्हा कागद: एकत्र भाडेकरार, बँक खातं, कर. म्हणजे सगळा निकाल त्या खिडकीत लागत नाही.

---

टिटवी

काका, खिडकीतून आत गेलात तरच ती दोन वर्षं! खिडकीतच नकार मिळाला तर? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या मुन्योझ खटल्यात सांगून टाकलं, की परदेशी जोडीदाराला देशात आणणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. वकिलातीच्या निर्णयावर न्यायालयात दाद जवळजवळ नाहीच. म्हणून त्या काही मिनिटांत अधिकाऱ्याच्या मनात काय भरतं, याला एवढी किंमत.

आता एक वाचा, मला कळल्यावर मी डोकं धरलं. त्यांचा के-१, म्हणजे वाग्दत्तांचा व्हिसा. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले हवेत. सूट दोनच कारणांसाठी. एक, भेटण्यात अर्जदाराचे, म्हणजे तिकडच्या नागरिकाचे, अतोनात हाल होणार असतील तर. दोन, भेटल्याने जोडीदाराच्या संस्कृतीतल्या जुन्या, कडक रीतीचा भंग होणार असेल तर. नियमातच उदाहरण आहे: आईवडील लग्न ठरवतात आणि लग्नाआधी मुलामुलीला भेटू देत नाहीत. वर अट अशी की त्या रीतीचं बाकीचं सगळंही पाळलंय किंवा पाळणार, हे दाखवायचं.

म्हणजे घरच्यांची रीत पाळून भेटला नाहीत तर नियमात तुमच्यासाठी ओळ आहे. घरच्यांनी कोंडून ठेवलं म्हणून भेटला नाहीत, तर तुमच्या नावाची ओळ नाही. हाल-अपेष्टांच्या कलमात बसतंय का ते बघत बसा, आणि तेही हाल तिकडच्या अर्जदाराचे, कोंडलेल्या मुलीचे नव्हे.

---

जुना_कारकून

ती सूट मिळणं महाकठीण आहे, तिच्या भरवशावर कोणी राहू नये. पण नियमाचा रोख तुम्ही म्हणता तसा आहे, हे नाकारत नाही.

---

यारा_नदी

मेलबर्नहून. आमच्याकडे जोडीदाराच्या व्हिसासाठी चार बाजू बघतात: पैसा, घर, समाजातलं नातं, एकमेकांशी बांधिलकी. तिसरीत मित्र आणि ओळखीचे लोक तुमच्या नात्याबद्दल काय म्हणतात ते येतं. आईवडीलच हवेत असं नाही. माझ्या लग्नाला सासरचं कुत्रंही आलं नव्हतं. शेजारची ग्रीक आजी आणि नवऱ्याचा कामावरचा मुकादम, दोघांनी निवेदनं दिली. आजीने लिहिलं होतं की ही दोघं कचऱ्याचा डबा कोणी बाहेर ठेवायचा यावरून दर मंगळवारी भांडतात. माझ्या मते त्याच कागदावर काम झालं.

---

पांढरी_जास्वंद

मी एरवी इथे फक्त वाचते.

मी लग्नाला न गेलेली आई आहे. मुलीने दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं. त्या दिवशी मी घरी बसून पापड लाटले, भर पावसाळ्यात, वाळणार नाहीत हे माहीत असून. नंतर सात महिने बोलले नाही.

मग तिचा फोन आला. तिलाही असंच पत्र आलं होतं. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, शेवटी माझ्याच दारी यावं लागलं. रानजाई, तुमच्या भावोजींना काय वाटलं असेल ते मला कळतं. ते बरोबर आहेत असं म्हणत नाही.

तिने एकच सांगितलं: "आई, खोटं लिहू नकोस. होतीस असं लिहू नकोस." मी दोन दिवसांनी लिहिलं. या लग्नाला मी नव्हते. मला ते मान्य नव्हतं, आजही पूर्ण मान्य नाही. माझ्या मुलीला आईशिवाय लग्न करावं लागलं आणि तरी तिने ते केलं. नुसत्या व्हिसासाठी तिने हे केलं नसतं, मी तिला ओळखते. एवढंच. नोटरीकडे गेले तर तो म्हणाला, असं प्रतिज्ञापत्र पहिल्यांदाच बघतोय.

जुना_कारकून म्हणतात ते खरं आहे, खरं लिहिलेलं चालतं. पण ते खरं लिहायला मला सात महिने लागले. तेवढा वेळ त्या पत्रात देत नाहीत.

---

गुलमोहर७

जास्वंदताई, यापुढे मी काय लिहू. फक्त एक. तुम्ही लिहून दिलंत. जी आई देणार नाही, तिच्या मुलीने काय करायचं? माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण हा प्रश्न मला सुटत नाहीये.

---

रानजाई

सगळ्यांचे आभार. भाचीने पत्रिका छापायला नकार दिलाय. आतापर्यंत जमलेले कागद: तिकडच्या घराचा भाडेकरार दोघांच्या नावाने, त्याच्या तीन फेऱ्यांची विमानतिकिटं, माझं प्रतिज्ञापत्र, आणि सासूबाईंचं पत्र. सासूबाईंनी लिहिलंय की सूनबाईला भाकरी थापता येत नाही पण ती रोज फोन करते. @यारा_नदी, तुमच्या आजीवरून सुचलं.

@पांढरी_जास्वंद, तुमचा प्रतिसाद काल ताईला फोनवर वाचून दाखवला. काही बोलली नाही, ठेवून दिला. रात्री साडेदहाला तिचाच फोन. विचारते, त्या बाईंनी पत्र मराठीत लिहिलं होतं का इंग्रजीत?

---

पांढरी_जास्वंद

मराठीत. मुलीने भाषांतर करून घेऊन मागे जोडलं. त्यांना सांगा, सहीखाली तारीख आणि गाव घालायला विसरू नका. माझं त्यापायी एकदा परत आलं होतं.