मुलीचं हिमोग्लोबिन ९.१, सासूबाईंचं बी-१२ १४८: गोळ्या, आहार, तपासण्या याबद्दल मदत हवी आहे (ऐरोली)

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी,

आम्ही ऐरोलीत राहतो. घरात मी (४१), नवरा, मुलगी (१४, नववीत) आणि सासूबाई (६८). स्वयंपाक शाकाहारी. मुलगी आणि नवरा अंडी खातात, सासूबाई माळकरी असल्यामुळे त्यांना तीही चालत नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी आम्हा तिघींचे रक्ताचे रिपोर्ट एकदमच आले आणि तिघींचेही बिघडलेले निघाले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंना चौदा वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा, आणि अ‍ॅसिडिटीची पँटोप्रॅझोल रोज सकाळी अनशापोटी, ती पाच-सहा वर्षं तरी. वर्षभरापासून त्या म्हणायच्या, "तळपायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं गं." आम्ही म्हणायचो, वय झालं, शुगर आहे, चालायचंच. ज्या दवाखान्यात शुगर दाखवतो तिथेही हेच सांगितलं. दिवाळीनंतर ठाण्याला नणंदेकडे निघालो होतो. ऐरोली स्टेशनचा जिना चढून वर आलो तर मागून एक मुलगा धावत आला, "आजी, तुमची चप्पल." डाव्या पायातली चप्पल चार पायऱ्या खालीच राहिली होती. चार पायऱ्या त्या अनवाणी चढल्या होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता. वाकून त्यांच्या पायात चप्पल घालताना माझ्या पोटात गोळा आला. जीभही लालबुंद, गुळगुळीत झाली आहे, आमटी तिखट लागते म्हणून ताट बाजूला सारतात. रिपोर्ट: बी-१२ १४८ (लॅबची खालची मर्यादा २११), हिमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही १०४.

मुलीचं वेगळंच. मागच्या महिन्यात दुपारी स्वयंपाकघरात गेले तर ती तांदळाच्या डब्यासमोर उकिडवी बसून कच्चे तांदूळ चावत होती. एखादा दाणा नाही, मूठभर. मी ओरडले. ती रडायला लागली, म्हणाली, "मला राहवतच नाही." फ्रिजमधला बर्फही कडाकडा खाते. शाळेतून आली की दप्तरासकट आडवी. मी तिला आळशी म्हटलं, मोबाइल काढून घेतला, आता त्याचं फार वाईट वाटतंय. हिमोग्लोबिन ९.१, एमसीव्ही ६८, फेरिटिन ६. डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलं, त्याने पोटात मळमळतं म्हणून सध्या दुधातून देतेय.

माझं व्हिटॅमिन डी ११ आहे. कंबर आणि मांड्या ठणकतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. नोकरी महाप्याला, एसी बसने जाते-येते, ऊन असं अंगावर पडतच नाही.

विचारायचं हे की मुलीला बीट, गूळ, खजूर दिले तर सिरप बंद करता येईल का? सासूबाईंचं "रक्त कमी" आहे ऐकून मेडिकलवाल्याने फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्यात, त्या सुरू करू का? बी-१२ च्या गोळ्या मांसाहारी असतात अशी त्यांना शंका आहे, तिचं काय करू? आणि मी सकाळी सातला गॅलरीत काच लावून उन्हात बसते, ते पुरेल का? सासूबाईंची डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे.

घणसोलीकर७२

फॉलिकच्या गोळ्या आज सुरू करू नका. बाकी सगळं नंतर वाचा, पण हे आधी. बी-१२ कमी असताना एकटं फॉलिक दिलं तर रक्ताचे आकडे सुधारतात, रिपोर्ट छान दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. माझ्या आईच्या बाबतीत हे झालं आहे. आणि शक्य असेल तर गुरुवारपर्यंत थांबू नका, आधीची वेळ मागा. चप्पल पायातून गेलेली कळत नाही हे साधं लक्षण नाही.

ऐरोलीची_आई

बापरे. गोळ्या कपाटात ठेवल्या. उद्या सकाळी फोन करते.

सूक्ष्मदर्शक

ताई, मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काम केलं. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. साधारण ८० ते १०० मध्ये असावा. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फॉलिक कमी पडलं की मोठ्या. तुमच्या घरात एकाच वेळी ६८ आणि १०४ आहेत. "रक्त कमी" म्हणून दोघींना एकच टॉनिक आणलं असतं तर ते एकीलाही नीट लागू पडलं नसतं. लोह आणि बी-१२ दोन्ही एकदम कमी असतील तर एमसीव्ही मधेच, अगदी नॉर्मलसुद्धा दिसतो, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून कोणी औषध देत असेल तर थांबावं.

फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची शिल्लक. मुलीचं ६, म्हणजे कोठार रिकामं. हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं, त्याच्या कितीतरी आधी फेरिटिन उतरलेलं असतं. पण ताप, सूज, संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं हे लक्षात असू द्या.

सासूबाईंचं कारण तुम्हीच लिहिलं आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ चं शोषण कमी होतं. जठरातलं आम्ल अन्नातलं बी-१२ सोडवतं, पँटोप्रॅझोल तेच आम्ल कमी करतं. वर माळकरी आहार, म्हणजे बी-१२ येणार फक्त दूध-दह्यातून. तीन दारं एकदम बंद झाल्यासारखं आहे. मेटफॉर्मिन स्वतःहून थांबवू मात्र नका, शुगर बिघडेल. पँटोप्रॅझोल अजून लागते का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. पायांचा बधिरपणा शुगरमुळेही येतो हे खरं, पण म्हणूनच अशा माणसाचं बी-१२ तपासायला हवं होतं.

नाचणीची_भाकरी

आहारशास्त्र शिकले आहे, सध्या कोपरखैरण्यात काम करते. मुलीबद्दल लिहिते, तिची अवस्था मी दर आठवड्याला कुणा ना कुणात बघते.

कच्चे तांदूळ, खडू, माती, पाटीची पेन्सिल, बर्फ खावासा वाटणं हे बहुतेकदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. तिला "राहवत नाही" हे अक्षरशः खरं आहे. तिला ते सांगा. तांदळाच्या डब्यावर कुलूप लावू नका, लोह भरायला लागलं की ती ओढ आपोआप जाते, कित्येकदा हिमोग्लोबिन वर यायच्या आधी.

बीटचा रंग लाल आहे, एवढाच त्याचा रक्ताशी संबंध. शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम, आणि या वयाच्या मुलीची रोजची गरज साधारण ३० मिलिग्रॅम. गूळ-खजुराचंही तसंच, चांगले आहेत, पण फेरिटिन ६ असताना त्यांच्या भरवशावर बसायचं नाही. आत्ता औषधच हवं, आहार पुढे ते टिकवण्यासाठी.

आणि सिरप दुधातून देऊ नका! दुधातलं कॅल्शियम लोहाला अडवतं. लिंबूपाण्याबरोबर द्या. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी या सगळ्यांपासून दोन तासांचं अंतर. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून जेवणानंतर द्या किंवा दुसऱ्या प्रकारचं लोह मागा. एक दिवसाआड दिल्यावर शोषण चांगलं होतं असंही आता अभ्यासांत दिसलं आहे, तोही पर्याय त्यांच्याशी बोला. शौच काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की लोक लगेच बंद करतात आणि चार महिन्यांत परत तिथेच येतात. त्यानंतरही साधारण तीन महिने चालू ठेवायचं असतं, कोठार भरायला.

स्वयंपाकात काय कराल? पोह्यांवर लिंबू पिळता ना, ते फक्त चवीला नाही, त्यातल्या क व्हिटॅमिनने लोह लागतं. मटकी, मूग मोड आणून खा, मोड आल्यावर लोह अडवणारं फायटेट कमी होतं. अळीवाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवू नका, या वयाच्या मुलींना द्या. उसळ, पालेभाजी लोखंडी कढईत करा, कोकम किंवा चिंच घातली तर आणखी बरं (करून झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, काळी पडते). नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तुमच्या तिघींच्या हाडांना ती हवीच. फक्त लोहाच्या औषधाच्या वेळेला नको.

एक राहिलं. मुलीची पाळी किती दिवस असते? हे तुम्ही लिहिलं नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

ऐरोलीची_आई

आठ दिवस. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्रीसुद्धा उठते. मला वाटलं या वयात असंच असतं, माझंही असंच होतं.

नाचणीची_भाकरी

तुमचंही होतं म्हणजे ते नॉर्मल होतं असं नाही, ताई. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नळ उघडा असताना टाकी भरत बसण्यात अर्थ नाही. जंताचं औषध कधी दिलंय तेही बघा. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवड्याला एक निळी गोळी देतात, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिकची. तुमच्या मुलीच्या शाळेत नसेल तर नागरी आरोग्य केंद्रात विचारा. ती बचावापुरती असते, उपचाराचा डोस वेगळा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. इतक्या जणींना आहे म्हणूनच तो कुणाला दिसत नाही.

दिव्याची_कोळीण

आमच्याकडे सुकट, बोंबील, मांदेली काट्यासकट खातात, त्यात बी-१२ पण आणि कॅल्शियम पण. तुमच्या सासूबाईंना चालणार नाही ते समजतं, त्यांच्या माळेचा मान आहेच. पण नवरा आणि मुलगी अंडी खातात तर ती रोज एक तरी खाऊ द्या.

सूक्ष्मदर्शक

माळेवरून आठवलं. बी-१२ कारखान्यात जिवाणूंच्या आंबवण्यातून बनतं, प्राण्यांपासून काढत नाहीत. अडचण असते ती कॅप्सूलच्या आवरणाची, ते बऱ्याचदा जिलेटिनचं असतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, गोळी किंवा इंजेक्शन लिहून द्या. नसांची लक्षणं असल्यामुळे बहुधा इंजेक्शननेच सुरुवात करतील. डी-३ मात्र बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. पुढे कधी त्यांना डी लागलं तर तेही आधी सांगा, नंतर कळलं तर त्यांना वाईट वाटेल.

तुमच्या काचेमागच्या उन्हाचा डी साठी उपयोग नाही. ज्या किरणांनी त्वचेत डी तयार होतं ते काच अडवते, आणि सकाळी सातच्या उन्हात ते जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ती वेळ खरी. जेवणाच्या सुट्टीत हात उघडे टाकून पंधरा-वीस मिनिटं चाला. पण ११ वरून वर यायला औषध लागेलच. साठ हजार युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा असतं, तेही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. आमच्या शेजारच्या एका काकांनी रोज एक असं महिनाभर घेतलं, रक्तातलं कॅल्शियम वाढलं आणि दवाखान्यात भरती करावं लागलं.

ऐरोलीची_आई

सात आठवड्यांनी कळवते आहे, उशिराबद्दल माफ करा.

सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी दाखवलं. इंजेक्शनं सुरू झाली, आता महिन्यातून एक. जीभ दहा-बारा दिवसांत बरी झाली, परवा स्वतःहून ठेचा मागितला. पायांना महिने लागतील आणि सगळं परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तोवर मागे पट्टा असलेल्या सँडल आणल्यात आणि रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवतो. पँटोप्रॅझोल हळूहळू बंद केली.

मुलीचं लोह बदलून दिलं, लिंबूपाण्यातून एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यात सहज विचारलं, तर तिला स्वतःलाच आठवेना शेवटचे तांदूळ कधी खाल्ले. मी तिची माफी मागितली. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. हिमोग्लोबिन ११.३, एमसीव्ही ७५. माझं पाकीट आठवड्याला एक चालू आहे, पुढच्या महिन्यात परत तपासणी.

सूक्ष्मदर्शक, एक विचारू का? एमसीव्ही अजून ७५ च आहे म्हणून माझी जाऊ म्हणते, थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) असेल, लगेच एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करून घ्या. करू का?

सूक्ष्मदर्शक

हिमोग्लोबिन दोनने वर आलंय म्हणजे लोह लागू पडतंय. पेशींचा आकार त्याच्या मागून येतो, जुन्या लहान पेशी जायला तीन-चार महिने लागतात. लोह कमी असताना एचपीएलसी केली तर एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, मायनरमध्ये तो वाढलेला असतो) खोटं कमी येऊ शकतं आणि मायनर असला तरी निसटतो. फेरिटिन भरू द्या. त्यानंतरही एमसीव्ही ८० च्या खाली राहिला तर अवश्य करा, आणि मग तुमची दोघांचीही करा.