विरजण की खमीर? स्त्री-गटाच्या पाठांसाठी घरातल्या वस्तू

प्रेषक: स्त्री-गटाची संयोजिका

प्रिय भगिनींनो, सप्रेम सलाम.

दर शनिवारी घरातली एक वस्तू मध्ये ठेवून तिच्या आधारे बायबलचा एक पाठ घ्यायचा, असे आपण ठरवले होते. पहिला पाठ लूकच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या नाण्याच्या दाखल्याचा, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेचा, झाला. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी त्याची हकिगत लिहिते, कारण त्यात चूक माझी होती.

मी दहा सेंटांची दहा नाणी आणि भारतातून आणलेली केरसुणी घेऊन गेले, सभागृहातले दिवे मालवले आणि एक नाणे कार्पेटवर भिरकावले. केरसुणी कार्पेटवर चालेना. शेवटी एका उत्साही भगिनीने कोपऱ्यातला व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला आणि नाणे खडखडाट करत त्याच्या पोटात गेले. सगळ्या हसल्या, आणि पाठही त्या हसण्यात गेला. दाखल्यातल्या बाईचे घर लहान खिडक्यांचे, म्हणून नाणे शोधायला तिला दिवा लावावा लागतो, आणि नाणे म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई, म्हणून ती घर झाडून काढते. आपल्या सभागृहात दिवा आणि झाडणी या दोघांनाही काही कामच नव्हते, आणि काम नसलेली वस्तू नुसती शोभेची होते, हे मला उशिरा कळले.

पुढचा पाठ मत्तय १३:३३ मधल्या खमिराचा आहे. आपल्यापैकी निम्म्या जणींनी घरी कधी पाव भाजलेला नाही. दही मात्र प्रत्येकीच्या घरी लागते आणि इथल्या जानेवारीत ओव्हनचा दिवा लावून त्यात रात्रभर पातेले ठेवण्याची विद्या सर्वांना अवगत आहे. म्हणून खमिराऐवजी विरजण ठेवावे, असे माझ्या मनात आहे. मते कळवावीत.

---

प्रेषक: गटातील ज्येष्ठ सभासद

चि. संयोजिकेस अनेक आशीर्वाद.

सोपे करण्याला माझा विरोध नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते भाषांतर छापून निघाले. परंतु विरजण घेतले तर दाखल्यातला काटाच निघून जाईल, असे मला वाटते. खमीर म्हणजे आदल्या कणकेचा राखून ठेवलेला आंबट गोळा. वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सणाच्या, वेळी सात दिवस ते घरात ठेवायचे नाही, अशी निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आज्ञा आहे, आणि मत्तयाच्याच सोळाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना परूश्यांच्या (यहुद्यांतील एका धर्मपंथाच्या) खमिराविषयी जपून राहण्यास सांगतो. अशी संशयास्पद वस्तू उचलून तो म्हणतो की स्वर्गाचे राज्य हिच्यासारखे आहे, आणि ऐकणाऱ्या बाया तिथे दचकल्या असणार. आपल्याकडे परगावी निघालेल्याच्या हातावर दही घालतात. दह्याने कोण दचकणार?

आणखी एक गोष्ट पिठाच्या मापाची. खमिराच्या दाखल्यातली बाई तीन मापे पिठात खमीर लपवते. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात तीन पाहुणे आले तेव्हा अब्राहाम सारेला तीन मापेच सपीट मळायला सांगतो. हे एका कुटुंबाच्या पोळ्यांचे पीठ नव्हे, पंगतीचे पीठ आहे. वाटीभर पीठ घेऊन पाठ घेतलात तर हे दिसणार नाही.

नाण्याच्या पाठाविषयीही एक तक्रार करते. नाणे सापडल्यावर ती बाई मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून आनंद करते, तो भाग कोणी घेतलाच नाही. मूळ ग्रीकमध्ये ते शब्द स्त्रीलिंगी आहेत. इंग्रजी वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. मराठीत मात्र ते उघडच दिसते. बायकांच्या गटाने नेमके तेवढेच वगळावे, याला काय म्हणावे?

---

प्रेषक: मराठी मंडळाची सभासद

सस्नेह नमस्कार.

मी ख्रिस्ती नाही, पण यादीवर हा पत्रव्यवहार वाचते आहे, तेव्हा दोन शब्द लिहिण्याची परवानगी असावी. लक्ष्मीपूजनाला आम्ही केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ती सभागृहात पायाखाली आलेली पाहून मंडळाच्या काही जणींना वाईट वाटले. कोणाचा हेतू तसा नव्हता हे सर्वांना माहीत आहे, तरी पुढे लक्षात असावे.

दुसरे असे, की आमच्या दिवाणखान्यात शेकोटीशेजारी एक जाते शोभेला ठेवलेले आहे आणि त्यावर मनीप्लँटची कुंडी आहे. खुंटा शाबूत आहे, जाते फिरते. हवे असल्यास घेऊन जावे. मात्र उचलायला दोन धडधाकट माणसे आणावीत.

---

प्रेषक: स्त्री-गटाची संयोजिका

केरसुणीबद्दल मनापासून क्षमा मागते. यापुढे ती सभागृहात येणार नाही.

जाते अवश्य हवे आहे. लूक १७:३५ मध्ये दोघी बाया मिळून दळतात. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४:६ मध्ये जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. नुसती वरची तळी नेली तरी घरातले दळण थांबते, हे शब्दांत सांगण्यापेक्षा वरची तळी उचलून बाजूला ठेवली की सर्वांना दिसेल. कुंडी मी जपून खाली ठेवीन.

विरजणाचा बेत मी मागे घेते. वसईच्या मावशींनी फोनवर सांगितले, की त्यांच्याकडे फुग्यांचे (तळलेल्या गोल पावांचे) पीठ पूर्वी ताडीने आंबवत आणि पीठ फुगायच्या आधी घरभर असा वास सुटे, की नवीन सुनेला वाटावे काहीतरी नासले आहे. ताडी इथे मिळणार नाही; त्या गुरुवारीच मैद्याचा गोळा भिजवून आंबत ठेवणार आहेत. शनिवारी प्रत्येकीने घरून दोन वाट्या पीठ आणावे, म्हणजे सगळे मिळून मोठे पातेले भरेल. गोळा मध्ये घालून झाकण ठेवू आणि प्रार्थना व चहा होईपर्यंत कोणी ते उघडायचे नाही. परातीही आणाव्यात, पीठ फुगल्यावर मळायला आपली एक पुरणार नाही.