जपानी गाडीवरचे स्टिकर वाचता येतात का कुणाला?

डिचोलीकर: माझ्याकडे जपानहून आलेली जुनी पजेरो आहे, २.५ डिझेल. बॉनेटखाली पिवळट पडलेला स्टिकर, त्यावर जपानी मजकूर आणि हाताने लिहिलेलं ११.६.२३ आणि ९८,४०० किमी. दारावरही एक आहे त्यात २२० वगैरे आकडे, म्हापशाचा मेकॅनिक म्हणतो काढून टाक, पण मला उगाच काढायचे नाहीत. कुणी सांगेल का?

फोंड्याचा गाडीवाला: अजिबात काढू नको रे!! बॉनेटखालचा बहुतेक टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) बदलल्याचा असणार. तिकडे तारीख वर्ष, महिना, दिवस अशी लिहितात आणि वर्ष बऱ्याचदा त्यांच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. हेइसेई नावाची कारकीर्द असेल तर ११ मध्ये १९८८ मिळव, म्हणजे २३ जून १९९९. आता मीटर बघ, त्या बदलानंतर लाखभर किमी झाले असतील तर बेल्ट आधी बदलून घे, या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्हचं काम निघतं आणि खर्च रडवतो. बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) छोटा बेल्टही सोबतच बदल.

पेडणेकर ताई: दारावरचा टायरच्या हवेचा, किलोपास्कलमध्ये. २२० म्हणजे साधारण ३२ पीएसआय. काचेवर छोटा चौकोनी स्टिकर असेल तर तो तिकडच्या सक्तीच्या तपासणीचा, मुदत संपायचं वर्ष आणि महिना त्यावर असतो.

डिचोलीकर: मीटर २,०४,००० दाखवतोय 😳 मेकॅनिकला आत्ताच फोन लावतो, देव बरें करूं दोघांनाही. बेल्ट बदलेपर्यंत गाडी दारातच.