हरिकेनचं मॉडेल: डेकल चमकतायत, काच धुरकट झालीय, सगळं धुऊन काढू का?

अर्धवटकिट:
मंडळी मदत हवीय. 1/72 मधलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या मापाचं, हॉकर हरिकेन करतोय, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, त्यातलं मार्क टू सी, म्हणजे पंखांत चार तोफा आणि नाकाखाली तो हनुवटीसारखा मोठा फिल्टर असलेलं. माझं आत्ताशी दुसरं मॉडेल. जोडणी, पुट्टी, घासणं सगळं नीट झालं, एका जुन्या फोटोवरून रंग ठरवले, वर डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे, सगळे मॅट इनॅमल आणि ब्रशनेच मारलेत. मग डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ फिल्मवरची चिन्हं, लावले, लाल-पांढरा-निळा गोल आणि बाहेर पिवळं कडं, वाळल्यावर बघतो तर प्रत्येक गोलाभोवती फिल्मची चंदेरी चकाकी, तिरक्या उजेडात धरलं तर सरळ स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. दुसरं दुखणं म्हणजे कॉकपिटची काच सुपरग्लूने चिकटवली, रात्री स्वच्छ होती, सकाळी आतून पांढरी. पायलटला मोतीबिंदू झाल्यासारखं वाटतंय. थिनरने सगळं धुऊन पहिल्यापासून सुरू करू का? आणि झिजलेला रंग दाखवायला मागच्या भागावर सिल्व्हरचे टवके मारायचेत, ते आत्ता की शेवटी?

चारशेनंबर:
थिनर खाली ठेवा आधी :) इनॅमल धुवायला गेलात तर पॅनेल लाइनमध्ये (पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक खाचांत) चिखल होऊन बसेल आणि खालची पुट्टीपण सुटेल.

डेकलचं कारण सोपं आहे. मॅट रंग म्हणजे बारीक सँडपेपरसारखा खरखरीत पृष्ठभाग, डेकलची फिल्म त्या टेंगळांवर टेकते आणि मधल्या खड्ड्यांत हवा राहते, तीच हवा चमकते. म्हणून डेकलच्या आधी ग्लॉसचा कोट मारायचा असतो, मग डेकल, मग वॉश (खाचांत सोडायचा पातळ गडद रंग), आणि अगदी शेवटी मॅट. आता लावलेच आहेत तर बारीक सुईने फिल्मला ठिकठिकाणी टोचा, वरून डेकल मऊ करायचं सोल्यूशन लावा आणि हात न लावता सोडून द्या, सुरकुत्या पडल्या तर घाबरू नका, वाळताना ताणून बसतं. दोन-तीन वेळा करावं लागेल. वरून वार्निश मारलं नसेल तरच हे चालतं. नाही जमलं तर टेप लावून ओढून काढायचे, पण इनॅमल चांगला आठवडाभर वाळलेला असू दे, नाहीतर टेपसोबत रंगपण येईल. माझा आलाय.

काचवाला:
काचेवर सुपरग्लू म्हणजे स्वतःहून आमंत्रण. वाळताना त्याची वाफ निघते आणि बंद जागेत ती काचेवरच बसते. मॉडेल काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, थंडीने तो गोंद ठिसूळ होतो, मग कडेला पातळ ब्लेड सरकवून हळूच उचला. जोर लावायचा नाही, काच तडकली की संपलं. धुरकटपणा वरवरचाच असेल तर आतून पॉलिश करून पारदर्शक ॲक्रिलिक ग्लॉसमध्ये बुडवा, बाहेर काढून कोपरा टिश्यूला टेकवा, थेंब निथळून जाईल, धूळ बसू नये म्हणून वर वाटी पालथी घाला. परत लावताना लाकडाचा पांढरा गोंद. पकड कमी असते पण काचेला कुठे उडायचंय.

पॅनेललाइन:
सगळे डेकल आणि काचेवर बोलतायत पण मला त्या सिल्व्हरच्या टवक्यांची जास्त काळजी वाटतेय. हरिकेनचा कॉकपिटमागचा सगळा भाग कापडाचा असतो, आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड, म्हणून तर किटमध्ये तिथे त्या लांब लांब उंच रेषा दिल्यात. कापडाला ॲल्युमिनियमचे टवके कुठून येणार? रडर, एलेव्हेटर, एलेरॉन हे शेपटीवरचे आणि पंखांवरचे हलणारे भागपण कापडाचेच. टू सी चे पंख मात्र धातूचे, त्यामुळे टवके मारायचेच तर पंखाच्या मुळाशी, जिथे पाय देऊन चढतात, तोफांच्या झाकणांच्या कडांना आणि इंजिनच्या पत्र्यावर. तेपण स्पंजच्या तुकड्याने जरा जरा. मागच्या भागाला उन्हाने विटलेला रंग दाखवा, डार्क ग्रीनमध्ये किंचित करडा मिसळून पट्ट्यांच्या मधोमध अगदी पातळ फिरवा, कापड उठून दिसतं. हे सगळं मी माझ्या पहिल्या हरिकेनला नखशिखान्त सिल्व्हर फासल्यावर शिकलो, ते अजून कपाटात मागे तोंड करून उभं आहे.

दोननिळे:
एक मिनिट, डेकल वाचवायची एवढी धडपड कशाला? तुमचे रंग आणि गोल मुळात जुळतच नाहीयेत. ऑगस्ट 1941 पासून युरोपात दिवसा उडणाऱ्या ब्रिटिश फायटरवरून डार्क अर्थ गेला आणि त्या जागी ओशन ग्रे आला. तुम्ही रंगवलंय ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं विमान, फोटो बहुतेक तिकडचाच असणार, आणि गोल लावलेत युरोपातले. पूर्वेला जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा, घाईत गोलातला लाल ठिपका बघून आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडतील म्हणून तिकडे लाल काढूनच टाकला. बाहेर गडद निळा, मध्ये फिकट निळा, बस. शेपटीवरच्या पट्ट्यासुद्धा त्याच दोन निळ्यांच्या. 1944 मध्ये इम्फाळच्या लढाईत अर्जन सिंगांच्या हाताखाली आपली नंबर 1 स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. तेव्हा टेप लावा, ओढा, आणि तेच करा!

फिकट निळा वेगळा विकत घ्यायची गरज नाही, गडद निळ्यातच पांढरा मिसळायचा, तिकडेही तसंच करायचे. मास्किंग टेपवर कंपासला ब्लेड लावून गोल कापा. आधी पूर्ण गोल फिकट निळ्याने भरा, वाळला की मध्यावर छोटी टिकली चिकटवून बाहेरचा गडद मारा. युरोपातल्यापेक्षा हे गोल बरेचदा लहान असायचे, फोटो बघून माप घ्या.

चारशेनंबर:
हे भारी आहे. फक्त टेप सोलताना रंग पूर्ण वाळलेला हवा, आणि टेपची कड नखाने नीट दाबा, निळा आत झिरपला तर गोलाचं फूल होतं.

शेडकार्ड:
त्यांचा डार्क अर्थ जरा जास्तच लालसर असेल असं वाटतंय, फोटो टाका.

पॅनेललाइन:
झालं सुरू. उन्हात चार महिने उभ्या असलेल्या विमानाचा तपकिरी नेमका कुठला, यावर मागे लोक तीन दिवस भांडलेत. 1/72 मध्ये तसाही रंग एक छटा फिका मारलेलाच बरा, छोट्या वस्तूवर गडद रंग अजून गडद दिसतो.

अर्धवटकिट:
सगळ्यांचे आभार. फ्रीझरची आयडिया चालली, काच अख्खी निघाली, पॉलिश करून ग्लॉसमध्ये बुडवून वाटीखाली ठेवलीय, घरच्यांनी वाटी कुठे गेली विचारलं तेव्हा सांगावं लागलं. डावीकडचा गोल टेपने ओढला तर नुसता डेकल आला, रंग जागेवर. उजवीकडचा ओढताना मात्र नखाएवढा ग्रीन सोबत आला, तिथे परत मारलाय, आता आठवडा थांबतो. फोटो परत नीट बघितला, दोननिळे बरोबर आहेत, गोलात मध्ये लाल दिसतच नाहीये, मी इतके दिवस तो ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा दोष समजत होतो. सिल्व्हरची बाटली बंद करून ठेवलीय. एकच राहिलं, गोलाची टेप डार्क ग्रीनवर लावायच्या आधी ग्लॉस मारू की गोल रंगवून झाल्यावर?

चारशेनंबर:
आधी. गुळगुळीत पृष्ठभागावर टेपची कड घट्ट बसते. ॲक्रिलिक ग्लॉस मारा, इनॅमल वाळलेला असला की त्यावर चालतो.